लग्नातलं गाणं आणि गाणारी मंडळी

लग्नाच्या खर्चाची यादी करताना गाण्याचा आकडा बहुधा सर्वांत शेवटी लिहिला जातो. हॉल, जेवण, कपडे, दागिने, फोटो यांचे आकडे तोवर उभे राहिलेले असतात, आणि उरल्यासुरल्या पैशांत चर्चमधला विधी बसवायचा असतो. नगरला पुतणीच्या लग्नाची तयारी सुरू झाली तेव्हा आमच्या घरीही हेच झालं. चर्चमधला तासभर म्हणजे खरा विवाह आणि बाकीचा दिवस त्याचा आनंदसोहळा, हे सगळ्यांना मान्य होतं. पैसे मात्र सोहळ्याकडेच धावत होते. पुतणीचा हट्ट एकच होता. ‘‘काका, गाणं माणसांनी गायलेलं हवं. स्पीकरवर लावलेलं नको.’’ मला तिचं म्हणणं पटलं आणि गाण्याचा हिशेब मी माझ्याकडे घेतला.

क्वायर बोलवायची म्हणजे नेमके कशाचे पैसे द्यायचे, हे आधी समजून घेतलं. सोप्रानो, आल्टो, टेनर आणि बास अशा चार आवाजांत गायचं तर निदान चार पक्के गळे लागतात. प्रत्येक आवाजाला दोघे धरले तर आठ. शिवाय ऑर्गन किंवा कीबोर्ड वाजवणारा. पुण्या-मुंबईहून वृंद आणला तर मानधनावर गाडीभाडं, जेवण, कधी मुक्काम चढतो. पण सर्वांत मोठा खर्च दिसतच नाही; तो असतो तालमीचा. एखादं नवं गाणं चार आवाजांत बसवायला कितीतरी संध्याकाळी जातात. आपण ऐकतो तो तास त्या सगळ्या मेहनतीचा शेवट असतो.

हे ध्यानात आलं की काटकसर कुठे करायची ते आपोआप ठरतं. गाणारे कमी करता येतात, नवी गाणी कमी करता येतात, लांबचा प्रवास टाळता येतो. गाणाऱ्याचं मानधन मात्र पाडून मागू नये. चर्चमध्ये गायचे कसले पैसे, असं आपल्याकडे सहज म्हटलं जातं. ऑर्गन वाजवणाऱ्याने ते हात तयार करायला उमेदीची वर्षं घातलेली असतात. त्याने प्रेमाखातर पैसे नाकारले तर तो त्याचा मोठेपणा. आपण ते गृहीत धरणं हा त्याच्या विद्येचा अवमान आहे.

वेळेचाही हिशेब असतो. 1872 च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यानुसार विवाह सर्वसाधारणपणे सकाळी सहा ते संध्याकाळी सात या वेळेत लावायचा असतो. त्यामुळे डिसेंबर आणि मे महिन्यांत शनिवार-रविवारच्या त्याच काही तासांवर सगळ्यांच्या उड्या पडतात, आणि वाजवणारा एका चर्चमधून दुसऱ्या चर्चकडे धावत असतो. आम्ही आठवड्याच्या मधल्या दिवसाची सकाळ धरली. वाजवणाऱ्याला घाई नव्हती आणि आदल्या संध्याकाळी चर्चमध्येच निवांत तालीम झाली.

मग विधीच नजरेसमोर आणला. नवरीचा प्रवेश, आरंभीचं गीत, प्रार्थना, शास्त्रवाचन, बोध, शपथा, अंगठ्या, आशीर्वाद, नोंदवहीवर सह्या आणि बाहेर पडणं. नवरी वेदीपर्यंत पोहोचते ती दोन-तीन मिनिटांत. तिथे ऑर्गन पुरतो. शपथांच्या वेळी तर काहीच वाजू नये, त्या दोघांचे शब्द मागच्या बाकापर्यंत ऐकू यावेत. सर्वांत लांब वेळ जातो सह्यांना. वधू-वर, साक्षीदार आणि पाळक नोंदवहीभोवती जमतात आणि बाकीची मंडळी नुसती बसून राहते. क्वायरने एकटीने गायचं खरं गाणं तिथे हवं. हे कळलं आणि यादीतली निम्मी गाणी गळाली.

प्रवेशाला आणि निघताना कोणते सूर वाजवायचे यावर घरात बराच खल झाला. आपल्याकडे ‘लग्नाची धून’ म्हणून जे वाजतं ते मुळात चर्चसाठी रचलेलं नाही. प्रवेशाची धून वाग्नरच्या ‘लोहेनग्रिन’ या 1850 साली रंगभूमीवर आलेल्या ऑपेरातली; निघतानाची मेंडेल्सोनने शेक्सपिअरच्या नाटकासाठी 1842 साली लिहिलेली. 1858 मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या थोरल्या मुलीच्या लग्नात या दोन्ही धून वाजल्या आणि तिथून त्यांची चाल पडली. त्या सुंदर आहेत, वाजवाव्यात. पण त्यांच्यावाचून विवाह अपुरा राहतो असं समजून कर्ज काढायचं कारण नाही. राजघराण्याने एकदा आपल्या आवडीने केलेली ती निवड होती. आपणही आपल्या आवडीने करावी.

आणि नगरच्या माणसाला निवडीची वाण नाही. इथे कृष्णराव सांगळ्यांसारख्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. 1895 साली बाप्तिस्मा घेऊन नारायण वामन टिळक नगरला आले. परदेशी चालींवर बेतलेल्या भाषांतरित गीतांच्या बरोबरीने त्यांनी मराठी उपासनेला तिच्या स्वतःच्या वळणाची, अभंग-भजनाच्या घाटाची गीतं दिली. ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातून ती आजही आमच्या मंडळ्यांत गायली जातात. चार आवाजांच्या गाण्याला प्रत्येक आवाजाचा तयार गायक लागतो. भजनाची बांधणीच अशी की एकाने उचलायचं आणि साऱ्यांनी धरायचं. पेटी, तबला आणि दोन खणखणीत गळे एवढ्यावर भरलेलं चर्च गाऊ लागतं. आमच्या पूर्वजांपाशी पैसा फार नव्हता, पण गरिबाच्या लग्नालाही श्रीमंत गाणं मिळावं अशी तजवीज ते करून गेले आहेत.

अखेर आम्ही आमच्याच मंडळीतले चार जण आणि ऑर्गनवादक ठरवले आणि त्यांचं मानधन आदल्या दिवशीच हाती दिलं. सह्यांच्या वेळी त्यांनी नाताळापासून गळ्यात बसलेलं चार आवाजांतलं गीत गायलं. बाकीची तीन गीतं सगळ्यांची होती. त्यांचे शब्द छापून प्रत्येक बाकावर ठेवले. छपाईचा खर्च किरकोळ होता. दुसऱ्या कडव्याला आमचे हिंदू शेजारीही गात होते, कारण चाल त्यांच्या ओळखीच्या घाटाची होती. विकत घेतलेला कोणताही वृंद, कितीही तयारीचा असला तरी, नवरीच्या आत्याचा आणि शाळेतल्या बाईंचा आवाज तिच्यापर्यंत पोहोचवू शकला नसता. चर्चमधल्या लग्नात जमलेले लोक साक्षीदार असतात. गाणं ही त्यांची साक्ष आहे, आणि ती दुसऱ्याकडून देववता येत नाही.

पण हे गाणं फुकट मिळालं असं मी म्हणणार नाही. दर रविवारी कोणीतरी पेटी उघडली, मुलांना चाली घोटून शिकवल्या, जुनी पुस्तकं शिवून जपली, म्हणून त्या दिवशी शे-दीडशे माणसांना एका सुरात गाता आलं. त्याची किंमत अनेकांनी अनेक वर्षं आधीच भरली होती. आज ही शिकवणी सगळीकडे विरळ होते आहे. क्वायरमध्ये मुलं कमी आहेत, आणि साउंड ट्रॅक मोबाइलवर तयार मिळतो. म्हणून लग्नघरांना माझं मनापासून सांगणं आहे : गाण्यावर जे वाचवाल त्यातला काही भाग आपल्या मंडळीच्या गायनवर्गाला द्या. त्यातून तबल्याची पुडी बदलेल, पुस्तकं येतील, शिकवणाऱ्याला मानधन मिळेल. आणि आपली मुलं त्या वर्गाला पाठवा. त्यांच्या लग्नात कोण गाणार, हे त्या वर्गातच ठरायचं आहे.