दोन सीट, साठ दिवस

जुनी स्पोर्ट्‌स कार ही बऱ्यापैकी निरुपयोगी वस्तू आहे. तिच्यात सामान मावत नाही, पाहुणे मावत नाहीत, खड्डे तिला सोसत नाहीत. त्यात ती आपल्या आयुष्यातली पहिलीच गाडी असेल, तर "का?" या प्रश्नाला कुणालाही पटेल असं उत्तर देता येत नाही. मी २०२४ च्या मार्चमध्ये अशा तीन गाड्यांमध्ये अडकलो होतो. माझदा मियाटा, सुबारू बीआरझेड आणि पोर्शे बॉक्स्टर. तिन्ही जुन्या, तिन्ही हाताच्या गिअरच्या, आणि तिन्ही माझ्या वीस हजार डॉलरच्या आत बसणाऱ्या.

मी सिअ‍ॅटलला राहतो, सॉफ्टवेअरमध्ये आहे. घरापासून ऑफिसपर्यंत लाइट रेल जाते आणि वाणसामान बसने येतं, म्हणून पाच वर्षं गाडीवाचून काही अडलं नव्हतं. हे आधी सांगतोय, कारण ज्याला गाडीची खरी गरज असते तो कोरोला घेतो आणि सुखी होतो. मला गरज नव्हती, नुसती हौस होती. आणि हौसेला आमच्यासारख्यांच्या आयुष्यात एक अडचण असते. तिचं नाव साठ दिवस.

एच-वन-बी व्हिसावर असताना नोकरी गेली, तर पुढची सोय लावायला जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात. त्यात नवी नोकरी, दुसरा व्हिसा नाहीतर परतीचं तिकीट. २०२३ च्या सुरुवातीला आमची निम्मी टीम एका सकाळी कमी झाली. मी राहिलो. पण त्या सकाळनंतर कुठलीही वस्तू घेताना डोक्यात पहिला प्रश्न एकच यायचा, ही साठ दिवसांत विकता येईल का? मग पलंग घेतला नाही, गादी जमिनीवरच राहिली. टेबल घडीचं. पुस्तकं फोनवर. कुंडीतलं झाडसुद्धा घेतलं नाही, झाड कुणाला विकणार? इकडे राहणाऱ्या माझ्या वयाच्या कित्येक मराठी मुलामुलींची घरं अशीच दिसतात. आत गेलात तर वाटेल, हे लोक कालच आले किंवा उद्या चालले.

तर आता गाड्या.

बॉक्स्टर हे नाव 'बॉक्सर' आणि 'रोडस्टर' यांच्या जोडणीतून आलंय. बॉक्सर म्हणजे आडवी झोपवलेली सिलिंडर समोरासमोर असलेलं इंजिन, आणि रोडस्टर म्हणजे उघड्या टपाची दोन सीटची गाडी. १९९३ साली डेट्रॉइटच्या प्रदर्शनात तिचं पहिलं रूप दिसलं, तेव्हा कंपनीचे दिवस वाईट होते आणि या गाडीने तिला सावरायला मोठा हात दिला. इंजिन सीटच्या मागे, मध्यावर. आवाज असा, की बोगदा आला की काच खाली करावीशी वाटते. वीस वर्षं जुनी बॉक्स्टर आता नव्या कोरोलापेक्षा स्वस्त मिळते. का, ते थोडं वाचलं की कळतं. पहिल्या पिढीच्या इंजिनात इंटरमीडिएट शाफ्ट नावाचा दांडा असतो आणि त्याच्या टोकाला एक बेअरिंग. ते बिघडलं तर फारशी सूचना न देता अख्खं इंजिन घेऊन जातं. सगळ्यांचं बिघडत नाही. पण ते बदलायचं तर गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो, म्हणून शहाणे लोक क्लच बदलतानाच ते काम उरकून घेतात आणि पावती जपून ठेवतात. मी पाहिलेल्या गाडीची पावती नव्हती. मालक सज्जन होता. "बहुतेक झालंय," म्हणाला. ज्या 'बहुतेक'ची किंमत एक इंजिन आहे, ते घेऊन घरी जाणं मला झेपणार नव्हतं.

बीआरझेड ही सुबारू आणि टोयोटाने मिळून केलेली गाडी, २०१२ साली आलेली. दोन लिटरचं आडवं इंजिन, दोनशे हॉर्सपॉवर, ताकद मागच्या चाकांना. ही त्यातल्या त्यात व्यवहारी. डोक्यावर पक्कं छत आणि मागे दोन सीटही. त्या सीटवर माणूस बसू शकत नाही हा भाग वेगळा, पण त्या आडव्या केल्या की चार टायर मावतात. मधल्या आरपीएममध्ये इंजिन जरा मरगळतं, तेवढं सोसलं तर स्टिअरिंग फार गोड. पहिल्या वर्षांच्या गाड्या २०१८ च्या शेवटी व्हॉल्व्ह स्प्रिंगसाठी परत बोलावल्या होत्या. ते काम झालंय का, हे चॅसिसवरचा सतरा अक्षरी नंबर सरकारी संकेतस्थळावर टाकला की फुकट कळतं. जुनी गाडी बघायला जाण्याआधी हे पाच मिनिटांचं काम प्रत्येकाने करावं. बीआरझेडची खरी अडचण वेगळीच होती. बऱ्याच गाड्या आधीच्या मालकांनी खाली बसवलेल्या, सायलेन्सर बदललेला, इंजिनचं सॉफ्टवेअर नव्याने चढवलेलं. दुसऱ्याने लिहिलेला, कुठेच नोंद न ठेवलेला कोड मी ऑफिसात रोज दुरुस्त करतो. शनिवारीही तेच करायची तयारी नव्हती.

आणि मियाटा. १९८९ साली शिकागोच्या प्रदर्शनात ती आली, तेव्हा साध्या, हलक्या, उघड्या गाड्या जवळजवळ संपल्या होत्या. घोडा आणि स्वार एकजीव असावेत, अशा अर्थाचा 'जिन्बा इत्ताई' हा जपानी शब्दप्रयोग तिच्या कर्त्यांनी डोळ्यासमोर ठेवला होता. २०१६ च्या एप्रिलमध्ये दहा लाखावी मियाटा बाहेर पडली. मी बघत होतो ती २०१७ ची, चौथ्या पिढीतली. १५५ हॉर्सपॉवर, वजन सुमारे १,०६० किलो. आकडे वाचून कुणी हुरळणार नाही. पण वजन कमी असलं की सगळंच थोडं लागतं. टायर थोडे झिजतात, ब्रेक थोडे तापतात, आणि मजा यायला पोलिसांनी पकडावं इतका वेग लागत नाही. या पिढीच्या सुरुवातीच्या गाड्यांत गिअरबॉक्सच्या तक्रारी आल्या होत्या, तेव्हा दुसऱ्यातून तिसऱ्यात टाकताना कान देऊन ऐकायचं, हे लिहून ठेवलं.

मग मी इंजिनिअर जे करतो ते केलं. तक्ता मांडला. किंमत, विमा, दुरुस्ती, सुट्या भागांची उपलब्धता, चालवण्यातला आनंद. शेवटचा रकाना, साठ दिवसांत विकली जाईल का?

तो रकाना भरताना गंमत झाली. बॉक्स्टर बाद, कारण पावती मागणारा पुढचा गिऱ्हाईकही माझ्यासारखाच असणार. मियाटा एप्रिलमध्ये आठवड्यात खपेल, पण नोकरी काय ऋतू बघून जात नाही. सिअ‍ॅटलच्या नोव्हेंबरमध्ये, जिथे उभ्या गाड्यांच्या काचेच्या रबरावर शेवाळ धरतं, तिथे कापडी टपाची गाडी कोण घेणार? म्हणजे बीआरझेड पुढे. पण मग त्या रकान्यात कोरोला सगळ्यांच्याही पुढे. आणि गाडीच न घेणं कोरोलाच्या पुढे. त्या रकान्याचं प्रामाणिक उत्तर दर वेळी एकच येत होतं, काही घेऊ नकोस. पलंगाचं उत्तर तेच होतं. झाडाचंही.

तेव्हा मी प्रश्न थोडा बदलला. विकली जाईल का, हे सोडलं. घाईत विकावी लागली तर किती रुपये जातील, ते मांडलं. म्हणजे डॉलर. मियाटा १८,५०० ला ठरत होती. इथे दोन माणसांच्या खासगी व्यवहारातही गाडी नावावर करताना सुमारे दहा टक्के कर भरावा लागतो, तो परत मिळत नाही. ते झाले १,९००. नोव्हेंबरात डीलरच्या दारात उभी करून मिळेल ते घेतलं, तर आणखी २,६०० तुटतील असा माझा अंदाज. बेरीज साडेचार हजार.

मी त्या आकड्याकडे बराच वेळ बघत बसलो. रक्कम लहान नाही. पण दीड वर्षं जी भीती घरभर पसरून बसली होती, पलंगाच्या जागी, झाडाच्या जागी, तिला पहिल्यांदाच एक आकडा मिळाला होता. आकडा नसलेली भीती कितीही जागा घेते. आकडा मिळाला की ती बाकी खर्चांसारखा एक खर्च होते. परवडतो की नाही, एवढंच बघायचं. साडेचार हजार मी बाजूला काढून ठेवू शकत होतो. काढून ठेवले. आणि तो रकाना खोडला.

रकाना खोडल्यावर उरलेलं उत्तर सोपं होतं. तिघींपैकी मियाटा चालवून उतरल्यावर मी एकदाही फोन बघितला नव्हता.

बाबांना फोन केला. आमचं घर कराडचं. २००४ साली बाबांनी सेकंडहँड मारुती ८०० घेतली होती, तेव्हा ओळखीच्या मेकॅनिकला स्कूटरवर मागे बसवून साताऱ्याला नेलं होतं. त्यांचे प्रश्न आजही तेच. "सिंगल हँड आहे का? ठोकलेली आहे का? इंजिन खोललंय का? पेपर क्लिअर आहेत का?" मी म्हटलं, "बाबा, तुम्ही विचारताय ते सगळं इथे दोनशे डॉलर घेऊन गॅरेजवाला तपासून देतो." गाडी लिफ्टवर चढवली, रंगाची जाडी मोजली, टायरवरच्या चार आकड्यांवरून ते कोणत्या आठवड्यातले, कोणत्या वर्षातले ते पाहिलं, टपातलं पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या तुंबल्यात का तेही. एक मागचा टायर सात वर्षांचा निघाला, त्याचे पैसे किमतीतून कमी झाले. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सीट किती?"

"दोन."

"मग आम्ही आल्यावर?"

"पाळीपाळीने."

ते काही बोलले नाहीत. आईने मागून विचारलं, "आधी कोण?"

जूनमध्ये दोघं आले. पाळीपाळीने ही गोष्ट मी थट्टेत म्हटली होती, पण दोन सीटच्या गाडीचं हे एक निघालं. आमच्या घरात आई किंवा बाबा एकेकटे कधी वाट्याला येत नाहीत. एकजण बोलतो तेव्हा दुसरा दुरुस्त करत असतो. गाडीत दुरुस्त करायला कुणी नसतं. आई स्कार्फ घट्ट बांधून बसली आणि लग्नाआधी तिला नोकरीचं बोलावणं आलं होतं, हे मला अठ्ठाविसाव्या वर्षी कळलं.

बाबांना बेलिंगहॅमच्या दक्षिणेच्या चकनट ड्राइव्हने नेलं. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खाली समुद्र आणि त्यात बेटं. "कुंभार्ली घाटाला समुद्र लावला की हे," म्हणाले. उजव्या हाताने गिअर टाकणारा मी त्यांना विचित्र दिसत होतो, प्रत्येक वळणावर त्यांचा डावा पाय आपोआप क्लच दाबायला जात होता. मग अचानक म्हणाले, "मला राजदूत ३५० घ्यायची होती."

मला हे माहीतच नव्हतं. १९८९ साल, बाबा पंचवीस वर्षांचे, हातात पहिल्या नोकरीचे साठवलेले पैसे. कोल्हापुरात एक जुनी राजदूत बघून आले होते. यामाहाच्या आरडी ३५० वरून इथे बनवलेली, दोन सिलिंडरची, पेट्रोल पिणारी. पण घेतली जुनी चेतक. तेव्हा नव्या चेतकसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागायचं, त्यामुळे जुनीला चांगला भाव असे.

"चेतकच का?" मी विचारलं.

"कधीही विकता येते म्हणून. घरात अडचण आली तर दुसऱ्या दिवशी पैसे हातात."

"मग कधी विकली?"

"विकली कुठे? सतरा वर्षं चालवली. शेवटी भंगारात दिली."

पुढे एक ट्रक होता. मी चौथ्यातून तिसऱ्यात आलो. बाबांनी त्यांच्या बाजूच्या दाराला धरलं आणि म्हणाले, "काढ की पुढे, बघतोस काय."