डब्याचे दुसरे भोक

दिवाळीत घरी केलेली चकली बिघडली, तर फार तर पाहुणे कौतुक करताना जरा अडखळतात. घरी केलेले विमान बिघडले तर काय होते, हे मी एका शेजाऱ्यांच्या कृपेने जवळून पाहिले. आणि तेव्हापासून चकलीकडे मी फार उदार मनाने पाहू लागलो आहे.

हे शेजारी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातले. नोकरीच्या निमित्ताने मी तिथे काही वर्षे काढली. शेजाऱ्यांचे वय 74, डोक्याला टक्कल आणि कानावर सदा पेन्सिल. सांगलीचे आमचे तात्या थेट असेच दिसत. म्हणून मनातल्या मनात मी त्यांना तात्याच म्हणत असे. इथेही तेच म्हणतो.

त्या मुलखात घरी विमान बांधणाऱ्याला कोणी वेडा म्हणत नाही. 1953 साली पॉल पोबेरेझ्नी यांनी मिलवॉकीला अशा हौशी मंडळींची संघटना काढली, आणि ऑशकॉश गावी भरणारा तिचा मेळावा आता जगप्रसिद्ध झाला आहे. कायद्याची अट एवढीच, की विमानाचे निम्म्याहून अधिक काम हौसेने आणि स्वतःच्या हातांनी झालेले असावे. तात्यांनी निवडला होता तो आराखडा शेजारच्या मिनेसोटातल्या बर्नार्ड पीटनपोल यांचा. या गृहस्थांनी 1929 साली फोर्ड मोटारीचे इंजिन बसवून आपले लाकडी विमान उडवले होते. तात्यांनी मात्र 65 अश्वशक्तीचे जुने कॉन्टिनेंटल इंजिन बसवले. लाकडाचा सांगाडा, वर कापड, एकामागे एक अशा दोन उघड्या बैठका, आणि डोक्यावर छत्रीसारखा पंख. त्या पंखाच्या मध्यभागी पेट्रोलची टाकी. पंप नाही, पेट्रोल स्वतःच्या वजनाने दोन-अडीच फूट खाली कार्बुरेटरात उतरायचे. या सगळ्याला नऊ वर्षे लागली.

नव्या विमानाला सुरुवातीचे ठरावीक तास उतारू न घेता उडवावे लागते. ते तास 2017 च्या उन्हाळ्यात पुरे झाले. तात्यांची नात दहा वर्षांची. पहिली उतारू तीच, हे नऊ वर्षांपूर्वीच ठरलेले! आणि नेमके तेव्हाच इंजिनाने जोर टाकायला सुरुवात केली.

पहिल्या वेळी उड्डाण करून मिनिटभर झाले असेल नसेल, तोच फेरे उतरू लागले. अशा वेळी मागे वळून धावपट्टी गाठण्याचा मोह होतो, आणि त्या मोहाने पुष्कळांचा घात केला आहे. उंची कमी, वेग कमी, त्यात वळण. विमान सरळ खाली येते. तात्यांनी नाक खाली घेतले, समोरचे शेत हेरले आणि थ्रॉटल कमी केला. गंमत अशी, की थ्रॉटल कमी करताच इंजिन सावरले! मंद चालीवर मोठा वळसा घेऊन ते सुखरूप उतरले. खाली येऊन झाकण काढून पाहिले, तर टाकीत पेट्रोल भरपूर. पुन्हा इंजिन लावले, ते ठणठणीत.

पुढचे तीन आठवडे आम्ही त्या इंजिनाची नाडी पाहत बसलो. मी जन्मभर पंपांच्या कारखान्यात काम केलेला. माझी मदत म्हणजे पाने हातात देणे आणि शंका काढणे. पहिला संशय बर्फावर. भर उन्हाळ्यात बर्फ कसला, असे वाटेल. पण माठातले पाणी ज्या न्यायाने गार होते, त्याच न्यायाने कार्बुरेटरात पेट्रोलची वाफ होताना आतली हवा गारठते; हवा दमट असली तर घशाशी बर्फ साचते आणि इंजिन गुदमरते. म्हणून तिथे गरम हवा सोडण्याची सोय असते. दुसऱ्या वेळी जोर गेला तेव्हा तात्यांनी ती सोडून पाहिली. उपयोग शून्य. मग मॅग्नेटो. ठिणगी देणारी ही यंत्रे दोन असतात आणि प्रत्येक सिलिंडरला प्लगही दोन. एकेक बंद करून पाहिले, दोन्ही उत्तम. दट्ट्यांचा दाब पाहिला, गाळणी धुतली. इंजिन हवेने गार होणारे, जमिनीवर फार वेळ पूर्ण जोरात चालवता येत नाही. जेवढे चालवले तेवढे बिनतक्रार चालले.

शेवटी तात्यांनी कार्बुरेटरच बदलला, आणि दोन उड्डाणे निर्वेध झाली. “संपलं,” ते म्हणाले. “रविवारी टाकी काठोकाठ भरतो आणि पोरीला तळ्यापर्यंत नेऊन आणतो.” नातीने टोपी आणि चश्मा घालून आरशासमोर तालीमसुद्धा सुरू केली.

मी हसलो, पण मन स्वस्थ बसेना. काढलेला कार्बुरेटर मी उघडून पाहिला होता. त्यात काही दोष नव्हता. मग बरे झाले ते काय? बिघाड नाहीसा होणे वेगळे आणि बिघाड सापडणे वेगळे. आपणहून गेलेला पाहुणा आपणहून परतही येतो. पण हे 74 वर्षांच्या माणसाला, त्याच्या नातीसमोर, सांगायचे कोणी? दोन दिवस मी गप्प बसलो, हे कबूल करतो.

शुक्रवारी रात्री मी त्यांची नोंदवही मागून घेतली. तात्यांचा शिरस्ता असा, की दर उड्डाणाआधी टाकीत किती पेट्रोल आहे ते लिहायचे. तारखा लावून पाहिल्या आणि चमकलो. टाकी भरलेली असे त्या दिवशी इंजिन मिनिटभरात दमे. अर्धी असे त्या दिवशी सात-आठ मिनिटांनी. आणि कार्बुरेटर बदलल्यानंतरची ती दोन निर्वेध उड्डाणे? दोन्ही छोटी, आणि टाकीत तळाशी पेट्रोल! पेट्रोल जास्त तर खोड लवकर. हा उलटा न्याय कुठला?

उत्तर सुचले ते कारखान्यातल्या अनुभवाने नव्हे, तर आमच्या गल्लीतल्या वाण्याच्या आठवणीने. गोडेतेलाचा डबा फोडताना तो एक नाही, दोन भोके पाडी. एकातून तेल बाहेर, दुसऱ्यातून हवा आत. दुसरे भोक नसेल तर धार अडखळते. टाकी भरलेली असली की वर हवा थोडी. चमचाभर पेट्रोल खाली गेले तरी ती विरळ होते आणि उरलेले पेट्रोल वर धरून ठेवते. टाकी रिकामी असली तर हवा पुष्कळ, म्हणून ओढ लागायला वेळ लागतो. थ्रॉटल कमी केला की तेवढी धारही पुरते. आणि खाली उतरल्यावर आम्ही दर वेळी पहिले काम काय करत होतो? झाकण काढून आत डोकावत होतो! म्हणजे दुसरे भोक आम्हीच पाडत होतो.

शनिवारी सकाळी जाऊन मी सारे सांगितले. तात्यांचा चेहरा उतरला. “हवेची नळी मी स्वतः वाकवून बसवली आहे,” एवढेच म्हणाले. बाजारातून आणलेल्या प्रत्येक वस्तूवर त्यांनी संशय घेतला होता. स्वतःच्या हातच्या वस्तूवर घेतला नव्हता.

विमान मोकळ्यावर नेले, आग विझवण्याचे साधन जवळ ठेवले आणि टाकी भरली. विमानाचे शेपूट जमिनीला टेकलेले, त्यामुळे नाक चढणीवर असावे तसे वर होते. कार्बुरेटरची नळी सोडवून खाली माप लावले. हिशोब सोपा. पूर्ण जोरात या इंजिनाला तासाला सुमारे 20 लिटर लागते. वजनाने उतरणाऱ्या पेट्रोलाची धार त्याच्या दीडपट हवी. म्हणजे मिनिटाला अर्धा लिटर. झाकण घट्ट लावले. प्रथम धार चांगली करंगळीएवढी होती. मिनिटाच्या आत ती वातीएवढी झाली, मग ठिबकू लागली. तात्यांनी झाकण सैल केले. ‘फुस्स’ आवाज झाला आणि धार पुन्हा करंगळीएवढी! झाकण लावले, धार गेली, काढले, आली. तीनदा केले. आता बिघाड आमच्या मुठीत होता.

हवेची नळी काढून तार घातली, तेव्हा सुकलेली माती गळाली. कुंभारीण माशीने आत घर केले होते. एका कडेला जेमतेम सुईएवढी फट राहिली होती. नळीच्या तोंडाशी जाळी लावायची तात्यांकडून राहून गेली होती. ती माती तळहातावर घेऊन ते बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, “हिचंही घरी बांधलेलंच होतं की.”

तो रविवार नातीने रडून काढला. तात्यांनी जाळी बसवली, भरल्या टाकीने पाच उड्डाणे एकट्याने केली, प्रत्येकाची नोंद ठेवली, आणि सहाव्या वेळी पोरीला पुढच्या बैठकीत बसवले. निघण्यापूर्वी त्यांनी शिडी लावून एकदा जाळी पाहिली. खाली उतरले, पट्टा बांधला, आणि मग पट्टा सोडून पुन्हा शिडीवर चढले. मी खाली शिडी धरून उभा होतो. आम्ही कोणीच घाई केली नाही.