कागदाने विचारलं तेवढंच

छत्तीसगडात जातीचा दाखला काढायचा म्हटलं की पहिला शब्द कानावर पडतो तो ‘मिसल’. इंग्रजी अमदानीतल्या बंदोबस्ताचे, म्हणजे जमीन-महसूल ठरवणीचे, हे कागद. कास्तकाराचं नाव, वल्द अमुक, जात, पुढे ‘साकिन देह’, म्हणजे याच गावचा. बाईचं नाव दिसलंच तर बहुतेक ‘बेवा’ म्हणून. नवरा गेल्यावरच ती कागदावर चढे. अनुसूचित जातींच्या दाखल्याला १० ऑगस्ट १९५० ही तारीख आडवी येते: घर त्या दिवशी इथलं होतं, हे दाखवावं लागतं. भिलाईच्या पोलाद कारखान्याचा सोव्हिएत रशियाशी करार झाला २ फेब्रुवारी १९५५ ला. म्हणजे त्यानंतर विदर्भातून येऊन भिलाईच्या रुआबांध्यात रुजलेली आमच्यासारखी घरं मिसलीच्या हिशेबी इथली नाहीतच. नातवाच्या दाखल्यासाठी आजोबांच्या गावचं दप्तर धुंडाळावं लागतं.

तशी मराठी माणसाची ये-जा इथे जुनीच. नागपूरकर भोसल्यांपैकी बिंबाजी १७५८ पासून रतनपुरात राहून कारभार पाहत; पुढे सुभेदार विठ्ठल दिनकर यांनी २७ परगणे पाडून कमाविसदार, फडणवीस नेमले. पण शेताला एका नावाने चिकटून राहायची सक्ती तेव्हा नव्हती. पुष्कळ गावांत ‘लाखाबाटा’ चाले, जमिनीची अधूनमधून फेरवाटणी होई. १८६० च्या दशकात हेविट या इंग्रज साहेबांनी रायपूर जिल्ह्याचा बंदोबस्त केला (आमचं दुर्ग तेव्हा त्यातच होतं) आणि नावं पक्की होत गेली. रान तोडून पहिला नांगर कुणी घातला, याला मात्र मिसलीत रकाना नाही.

त्याच दशकात अमेरिकेत होमस्टेड कायदा आला: १६० एकर घ्या, पाच वर्षं राहून, कसून दाखवा. डॅनियल फ्रीमनने १ जानेवारी १८६३ ला नेब्रास्कात दावा लावला. मुदत भरल्यावर दोन शेजाऱ्यांनी त्याच्यासाठी साक्ष दिली: घर १४ बाय २० फूट, दोन दारं, दोन खिडक्या, सफरचंदाची ४० झाडं, पीचची सुमारे ४००. सरकारला वस्तीचा पुरावा हवा होता, म्हणून खिडक्या आणि झाडंसुद्धा दप्तरात जगली. त्या मुलखात आधीपासून राहणारे ओटो-मिसूरिया लोक त्या साक्षीत नाहीत; त्यांच्याविषयी कुणी विचारलंच नव्हतं.

आमच्याकडे निवृत्त माणूस कारखान्याचं क्वार्टर सोडतो, तेव्हा वीज, पाणी, भाडं यांचा हिशेब चुकता होतो आणि ‘नो ड्यूज’ हातात पडतं. मागच्या अंगणातला मुनगा, पेरू कुणी लावला, याच्याशी त्या कागदाला देणंघेणं नसतं.

म्हणून हल्ली मी गल्लीतल्या म्हाताऱ्यांकडे वही घेऊन बसतो. कुठल्या साली आलात, कुणाच्या ओळखीने, पहिली भाकरी कुणाच्या चुलीवर भाजली, अंगणात काय लावलं. खाली दोन शेजाऱ्यांच्या सह्या घेतो. तहसील कचेरीत हा कागद चालायचा नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे. तरी सही करताना ते तारीख आठवणीने घालतात.