परकीं गाणीं, जुनी ओळख

आमचे कान कीर्तनाच्या आणि नाट्यपदांच्या वळणावर वाढलेले. विलायती गाणें म्हणजे नुसता धडधडाट, अशी आमची पुष्कळ वर्षें पक्की समजूत होती. आणि ज्या विषयाचा आपण कधीं अभ्यास केलेला नसतो त्याविषयींचीच समजूत सर्वांत पक्की असते, हा अनुभव वाचकांसहि असेल. आमचा पुतण्या रोज रात्रीं कानांना यंत्र लावून डोळे मिटून पडलेला दिसे. एके रात्रीं आम्हीं त्यास विचारलें, "अरे, या आरडाओरड्यांत तुला सांपडतें तरी काय?" तो रागावला नाहीं. "काका, पूर्वपक्ष नीट समजून घेतल्यावांचून खंडन करूं नये, असें तुम्हींच शिकवलेंत ना?" असें म्हणून त्यानें तें यंत्र आमच्याच कानांवर चढविलें. आपलेंच शस्त्र आपल्यावर उलटलें म्हणजे निमूटपणें बसावें लागतें. आम्ही बसलों.

पहिली ध्वनिमुद्रिका निघाली जोनी मिचेल या कॅनडांत जन्मलेल्या गायिकेची. नांव 'ब्लू', साल १९७१. धडधडाट दूरच राहिला. कोठें गिटार, कोठें पियानो, कोठें मांडीवर घेऊन वाजवावयाचें डल्सिमर नांवाचें तंतुवाद्य, आणि त्यांवर एक उंच, मोकळा आवाज. पद स्वतः रचावें, चाल स्वतः लावावी आणि स्वतःच गावें, अशी या मंडळींची रीत. आमच्या संतांचीहि रीत याहून फारशी वेगळी नव्हती, म्हणून तिचें नवल वाटलें नाहीं. नवल वाटलें तें विषयाचें. त्यांत 'लिट्ल ग्रीन' नांवाचें एक गीत आहे. १९६५ सालीं, अविवाहित आणि निष्कांचन स्थितींत, या बाईंस कन्या झाली. तिचें पालन करणें अशक्य झाल्यामुळें तिला दत्तक द्यावें लागलें. तीच गोष्ट या गीतांत आडपडद्यानें आली आहे, आणि ऐकणारांस तिचा उलगडा पुष्कळ वर्षें झाला नव्हता. मायलेकींची भेट झाली ती १९९७ सालीं.

पुतण्यानें हें सांगितलें तेव्हां आमच्यांतला संस्कृतचा मास्तर जागा झाला. शोक हा जोंवर 'माझा' आहे तोंवर तो शोकच. 'माझें' आणि 'परक्याचें' ही गांठ सुटली म्हणजे मग त्याचा करुणरस होतो. भट्टनायकानें यासच साधारणीकरण म्हटलें आहे. घरचें दुःख चव्हाट्यावर मांडलें तर त्यास काव्य कसें म्हणावें? आम्हीं हें सर्व सविस्तर सांगितलें. मुलानें शांतपणें ऐकून घेतलें आणि एवढेंच विचारलें, "पण काका, ऐकतांना तुम्हांला वाईट वाटलें कीं नाहीं?"

वाटलें होतें. शिवाय त्या गाण्यांत आक्रोश नव्हता, कोणास दोष देणें नव्हतें. दुरावलेल्या लेकरास दिलेला आशीर्वाद होता. गांठ कोठें तरी सुटलीच होती. आम्ही गप्प बसलों.

पुढें महिना-दीड महिना हा रात्रींचा पाठ चालला. सर्वच आवडलें असें नाहीं. लेड झेपेलिन या मंडळाचें 'स्टेअरवे टु हेवन' आरंभीं फार गोड वाटलें; शेवटीं ढोल आणि तारा एकदम तुटून पडल्या तेव्हां आम्हीं यंत्र काढून ठेवलें. परंतु एक ध्वनिमुद्रिका मात्र अशी लागली कीं तिनें आमची झोंप उडविली.

ती पिंक फ्लॉइड या इंग्रज मंडळाची, सप्टेंबर १९७५ मधली, 'विश् यू वेअर हिअर'. त्या वर्षीं आम्ही स्वतः शाळेच्या बांकावर बसत होतों. तींत एकच दीर्घ रचना दुभागून अर्धी आरंभीं आणि अर्धी शेवटीं ठेविली आहे. पहिला शब्द उच्चारला जाण्यापूर्वीं आठ मिनिटांहून अधिक वेळ नुसते सूर चालतात. आलापाची संवय असलेल्या आमच्या कानांस हें परकें वाटेना. मध्येंच गिटारीवर चार सूर येतात; कोणी दाराबाहेर उभें राहून हांक मारावी, तसे.

ही रचना ज्याच्यावर आहे तो सिड बॅरेट. हें मंडळ स्थापणारांपैकीं एक आणि आरंभींचा मुख्य गीतकार. पुढें त्याचें चित्त ठिकाणावर राहिलें नाहीं, आणि १९६८ सालीं मित्रांनीं त्यास वगळून पुढचा मार्ग धरिला. जून १९७५ मध्यें लंडनच्या ॲबी रोड येथील ध्वनिमुद्रणगृहांत याच गाण्याचें काम चालूं असतां एक स्थूल मनुष्य आंत येऊन उभा राहिला. डोकें आणि भुंवया भादरलेल्या. प्रथम त्यास कोणींच ओळखलें नाहीं. तो बॅरेट होता. ज्याच्या विरहाचें गाणें चाललें होतें तोच समोर उभा, आणि ओळख पटेना! पुढें तो केंब्रिज येथें एकांतांत राहिला आणि २००६ सालीं वारला.

हें ऐकलें आणि आम्हीं यंत्र खालीं ठेविलें. कारण आमच्याहि दाराशीं असाच एक जण येऊन गेला होता.

तो आमचा विद्यार्थी. संस्कृतांतली शंकरशेट शिष्यवृत्ति त्यास मिळावी अशी आमची फार उमेद होती. ती मिळाली नाहीं, परंतु असा मुलगा पुन्हां वर्गांत आला नाहीं. पुढें शिक्षणासाठीं तो परगांवीं गेला आणि तेथें त्याची बुद्धि भ्रमली, एवढें कानांवर आलें होतें. एके दुपारीं दाढी वाढलेला, मळक्या सदऱ्याचा एक मनुष्य अंगणांत येऊन उभा राहिला. बोलेना, हालेना. आम्हीं त्यास वर्गणीवाला किंवा याचक समजून "पुढें जा" म्हटलें. तो मुकाट्यानें गेला. घरांतून विचारणा झाली, "अहो, तो तुमचा तोच ना?" तेव्हां आम्ही धांवत कोपऱ्यापर्यंत गेलों, तेथें कोणी नव्हतें. यास सहा वर्षें झालीं. दुसरे दिवशीं शोध करतां आला असता. आम्हीं केला नाहीं. लाज वाटली, आणि पुढें ती लाज हीच संवय झाली.

याच ध्वनिमुद्रिकेंतील, तिच्याच नांवाच्या गाण्याचा आरंभ असा आहे: रेडिओ लावावा तशी खरखर, मग त्या रेडिओंतून आल्यासारखी दूरची, बारीक गिटार, आणि थोड्या वेळानें जवळच, जणूं त्याच खोलींत बसून कोणी दुसरी गिटार तिच्या साथीस धरतो. तेवढाच भाग आम्हीं त्या रात्रीं तीन वेळां ऐकला. सकाळीं पुतण्यास सांगितलें, "मला त्या मुलाचा पत्ता काढून दे."

तो आपल्या थोरल्या भावाकडे राहतो. आम्ही गेलों तेव्हां पडवींत बसला होता. आम्हांस पाहून त्यानें मान हालविली. ओळखलें कीं नाहीं तें कळलें नाहीं. भावानें चहा आणला. अर्धा तास कोणी कांहीं बोललें नाहीं. मग एकाएकीं त्यानें, जमिनीकडे पाहत, वर्गांत म्हणावें तसें म्हटलें, "पन्थाः, पन्थानौ, पन्थानः." हा 'पथिन्' शब्द मुलांस नेहमीं अडवीत असे, त्यास कधीं अडला नाहीं. आम्हीं पुढची विभक्ति धरिली, "पन्थानम्, पन्थानौ, पथः." तृतीया त्यानें म्हटली. असें करीत आम्ही दोघे संबोधनापर्यंत गेलों. भावाच्या डोळ्यांत पाणी होतें. निघतांना आम्हीं क्षमा मागितली. ती त्यास पोंचली असें आम्ही म्हणत नाहीं. आतां दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं आम्ही तिकडे जातों.

भट्टनायकाचें म्हणणें खोटें ठरलें, असें आमचें मत नाहीं. मात्र दुसऱ्याच्या घरची नांवानिशीं सांगितलेली गोष्ट ऐकतांना आपल्या घरचें बंद दार कसें उघडतें, तें आम्हांस पोथींतून कळलें नव्हतें. तें पुतण्यानें कानांवर चढविलेल्या यंत्रांतून कळलें. घरोघरीं आज अशीं मुलें कान झांकून बसलेलीं दिसतात. त्यांजवर रागावण्यापूर्वीं वडील मंडळींनीं एकदां विचारावें, "बाळ, काय ऐकतोस? मलाहि ऐकीव."