जड मग मुशीत जात नाहीत

इंग्लंडात राहून हौसेने प्यूटर, म्हणजे कथलाचा मिश्रधातू, ओतायचे, तर कच्चा माल म्हणजे रविवारच्या कार-बूट बाजारातले जुने मग. माझा शिरस्ता ठरलेला होता. तळाशी ‘मेड इन इंग्लंड’, एखादा नमुना क्रमांक, अंगाला चकाकी, असा मग कपाटात ठेवायचा. काळपट, जड, शिसेवाला मग मुशीत टाकायचा. शिसे म्हणजे भेसळ, तिची कसली माया करायची? आज मी नेमके उलट करतो.

मत बदलले ते तराजूमुळे. पाण्याचे भांडे काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणायचा, मग दोऱ्याला बांधून तळाला न टेकवता पूर्ण बुडवायचा. काटा दाखवील तितके ग्रॅम म्हणजे तितके घनसेंटिमीटर आकारमान. ३६४ ग्रॅमच्या मगाने ५० दाखवले, तर घनता ७.२८, म्हणजे कथील, सोबत थोडे अँटिमनी आणि तांबे. तेवढ्याच वजनाच्या दुसऱ्याने ४५.५ दाखवले, म्हणजे घनता ८, आणि जवळपास पाव भाग शिसे. (दांडा पोकळ असला की हा हिशेब फसतो. अशा दांड्यात पाणी शिरलेले असेल तर मुशीत स्फोटही होतो, म्हणून तो आधी कापून उघडा करावा.) कोऱ्या कागदावर घासले की शिसेवाला मग पेन्सिलीसारखी रेघ सोडतो.

घनतेला जस्त मात्र चकवते, कारण त्याची ७.१४. त्याला उष्णताच पकडते: प्यूटर ३०० अंशांच्या आतच रस होते, जस्ताला ४१९ लागतात. म्हणून आच बेताची ठेवायची आणि न वितळणारा तुकडा चिमट्याने बाहेर काढायचा. तो चुकून मिसळला, तर रस लापशीसारखा होतो आणि साच्याच्या कोपऱ्यांत जातच नाही.

असे मग तोलत गेलो तसे लक्षात आले, की काटा शिशाबरोबर वयही सांगतोय. लंडनच्या प्यूटर कारागिरांच्या १३४८च्या नियमांतच दोन धातू आहेत: ताटांसाठी तांबे मिसळलेले कथील, गोल भांड्यांसाठी शिसे मिसळलेले. म्हणजे ज्याला मी भेसळ म्हणत होतो ती कारागिरांची मान्य कृती होती. अँटिमनीवाले चिवट ‘ब्रिटानिया’ मिश्रण शेफील्डमध्ये अठराव्या शतकात आले, आणि पुढे पत्रा दाबून, फिरवून एकसारखे मग ढिगाने निघू लागले. माझ्या कपाटात जपलेला बहुतेक माल त्याच जातीचा, आणि त्यातलाही अलीकडचा.

आता तोच वितळवतो. त्याचा रस स्वच्छ असतो आणि घडणही चांगली उतरते. फक्त जोड आधी छाटतो, कारण झाळायला शिसेवाला डाक वापरलेला असू शकतो. मुकुटाखाली ‘व्हीआर’ उमटलेला, व्हिक्टोरियाच्या काळात मापासाठी तपासलेला पबचा मग हाती आला, तर तो कितीही काळा असो, घासतसुद्धा नाही. त्यातून पीत मात्र नाही.

तळ फाटलेला, शिक्का नसलेला, चेपलेला जड मग अजूनही वितळवतो, पण वेगळ्या मुशीत, दारे-खिडक्या उघड्या ठेवून. त्यातून कागद दाबायची वजने ओततो. वाटी, चमचा किंवा मुलांच्या हाती जाईल असे काही नाही.