वादळाच्या वाटेने, उलट दिशेने

अकोले, शुक्रवार, 20 नोव्हेंबर 2020

दिवाळी आटोपली, करोनामुळे जिल्ह्याबाहेर जाण्यासाठी लागणाऱ्या परवान्याची अट सप्टेंबरातच उठली होती, आणि जूनच्या तिसऱ्या तारखेपासून मनात घर करून राहिलेल्या प्रवासाला सवड अखेर लाभली. त्या दिवशी अरबी समुद्रात जन्मलेले आणि बांगलादेशाने सुचविलेले ‘निसर्ग’ हे नाव धारण केलेले चक्रीवादळ दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर चढले, सह्याद्री ओलांडून पुणे जिल्ह्याच्या पश्चिम अंगाने ईशान्येस सरकले, आणि वेग मंदावला तरी घरांचे पत्रे उडविण्याइतके बळ राखून आमच्या अकोले-संगमनेरच्या मुलखात येऊन पोहोचले. ज्या जिल्ह्याचा समुद्राशी संबंध काय तो पावसापुरता, त्या नगर जिल्ह्याने समुद्राचा कोप असा प्रत्यक्ष अनुभवला. हा वारा जेथून आला तेथपर्यंत त्याच्याच वाटेने मागे जावे, आणि जे आमच्याकडे ओसरत ओसरत आले ते तेथे भर जोरात असताना काय करून गेले ते पाहावे, हा या प्रवासाचा हेतू.

आज कोतूळच्या बाजूस एका शेतकऱ्याच्या बांधावर थोडा वेळ बसलो. त्या रात्री त्यांच्या कांदाचाळीचे पत्रे ओढ्यापलीकडे जाऊन पडले आणि उन्हाळी कांदा भिजून सडला. पुढे पोळ्याच्या आधी पत्रे पुन्हा चढले, खरीप निघाला, आणि आता त्या रानात हरभरा दोन-दोन पानांवर आहे. “गेलं ते गेलं, पण रान जागेवर हाये,” असे ते म्हणाले. नुकसान खोटे नव्हते. कर्जाच्या खात्यावर ते अजून उभे आहे. परंतु एका हंगामाची हानी दुसऱ्या हंगामाने निदान झाकता येते, ही हंगामी शेतीची सोय येथे उपयोगी पडली.

तळेगाव दाभाडे, शनिवार, 21 नोव्हेंबर

ब्राह्मणवाड्यावरून ओतूरला उतरून जुन्नर, खेड, चाकण असा दिवसभर प्रवास झाला. मावळात फुलशेतीची हरितगृहे पुष्कळ. त्यांचे प्लास्टिक वाऱ्याने फाटले आणि लोखंडी सांगाडे कित्येक ठिकाणी पिळवटले गेले. बहुतेक ठिकाणी नवे आच्छादन चढले आहे. टाळेबंदीत फुलांना गिऱ्हाईक नव्हते, आणि त्यातच हा तडाखा. एका बागाइतदाराने बँकेचे हप्ते सांगितले ते ऐकून काही बोलण्यासारखे उरले नाही.

माणगाव, रविवार, 22 नोव्हेंबर

पौड, मुळशी करीत ताम्हिणी घाट उतरलो. घाटमाथ्यावरील रानाने आपल्या जखमा पावसाळ्यात भरून काढलेल्या दिसल्या. मोडलेल्या झाडांना बुडख्यातून धुमारे फुटले आहेत. निजामपूरच्या पुढे मात्र रस्त्याच्या दोन्ही अंगांना घरांवर निळी ताडपत्री दिसू लागली, आणि ती माणगावापर्यंत संपली नाही. जून ते नोव्हेंबर, कोकणचा सबंध पावसाळा धरून, या माणसांनी त्या ताडपत्रीखाली काढला. वर आठवडेच्या आठवडे वीज नव्हती, कारण विजेचे खांब रांगेने आडवे झाले होते आणि ते उभारणारी माणसे दूरदूरच्या जिल्ह्यांतून आणावी लागली.

किनारा चढताना वाऱ्याचा वेग ताशी 110 ते 120 किलोमीटरांच्या घरात होता. वादळ अलिबागेपाशी चढले असता श्रीवर्धन, म्हसळे, तळे, माणगाव या दक्षिणेकडील तालुक्यांची दैना अधिक का झाली, हा प्रश्न मला वाटेत अनेकांनी विचारला. आपल्या गोलार्धात चक्रीवादळ घड्याळाच्या उलट दिशेने फिरते. ते ईशान्येकडे सरकत असता त्याच्या उजव्या हातास फिरण्याचा आणि पुढे जाण्याचा असे दोन्ही वेग एकाच दिशेने येऊन मिळतात, व डाव्या हातास ते परस्परांतून वजा होतात. हे तालुके नेमके त्याच्या उजव्या हातास पडले.

श्रीवर्धन, सोमवार, 23 नोव्हेंबर

नगरकराने या गावी परकेपणाने येऊ नये. निजामशाहीची राजधानी आमच्याकडे असताना श्रीवर्धन हे तिचे नावाजलेले बंदर होते. पुढे ते विजापूरकरांकडे आणि नंतर जंजिऱ्याच्या सिद्दीकडे गेले, आणि ज्यांच्या घराण्याकडे येथील देशमुखी होती ते बाळाजी विश्वनाथ येथूनच देशावर येऊन पुढे पेशवेपदास चढले. देश आणि कोकण यांचे दळणवळण इतके जुने असूनही, एकाचे दुःख दुसऱ्यास समजण्याची सोय मात्र कोणी केलेली नाही, असे आज दिवसभर जाणवत राहिले.

सकाळी एका वृद्ध बागाइतदारांच्या वाडीत गेलो. ‘श्रीवर्धनी रोठा’ ही येथील सुपारी मोठ्या, पांढऱ्या गरासाठी प्रसिद्ध. तिच्यासाठी कोकण कृषी विद्यापीठाचे संशोधन केंद्रही येथे आहे. वाडी म्हणजे नुसती झाडांची ओळ नव्हे. सर्वांत वर माडांचे छत्र, त्याच्या सावलीत पोफळी, पोफळीच्या अंगावर मिऱ्याचे वेल, मध्ये जायफळ, खाली केळी, आणि या सर्वांच्या मुळांशी विहिरीचे शिंपणे, अशी ती अनेक मजल्यांची रचना. तीत प्रत्येक झाड दुसऱ्याच्या आधाराने उभे असते, आणि ती उभी करावयास एक पिढी व फळास आणावयास दुसरी पिढी खर्ची पडलेली असते. त्या दुपारी या रचनेचा वरचा मजला कोसळला. माड पोफळींवर पडले, पोफळी वेलांसह मोडल्या, आणि वाडीत आभाळ दिसू लागले.

“वाडीत आभाळ दिसणं चांगलं नाही हो,” बागाइतदार म्हणाले, आणि त्यांनी मला उरलेल्या पोफळींच्या खोडांवर हात फिरवायला लावला. वादळातून वाचलेल्या त्या पोफळी आता उन्हाने मरत आहेत, ही गोष्ट येथे येईपर्यंत माझ्या स्वप्नीही नव्हती. पोफळीच्या खोडास नैर्ऋत्येकडून येणारे दुपारचे ऊन सोसत नाही. जन्मभर माडाच्या सावलीत वाढलेले खोड उघडे पडताच त्या अंगाने भाजते, त्याची साल पिवळी पडून चिरते, आणि पुढे कधीतरी साध्या वाऱ्यानेही ते त्याच जागी मोडते. त्यांच्या पत्नीने उरलेल्या झाडांना सुकलेली झापे बांधून आडोसा केला होता. पंचनामा झाला तो पडलेल्या झाडांचा. जी उभी राहून मरणार आहेत त्यांची मोजदाद जूनमध्ये होणे शक्यच नव्हते, आणि पुन्हा पंचनाम्यास कोणी येणार नाही.

मग हिशेबाचा विषय निघाला. फळबागांच्या भरपाईचा पूर्वीचा दर हेक्टरी 18,000 रुपये होता. राज्य शासनाने तो या आपत्तीत 50,000 केला, दोन हेक्टरांच्या मर्यादेत. वाढ मोठी आहे, आणि ती तत्परतेने झाली हेही नमूद केले पाहिजे. पण हेक्टर हे माप देशावरचे. आमच्याकडे दोन हेक्टरांचा धनी अल्पभूधारक ठरतो, येथे दहा गुंठ्यांच्या वाडीवर एक घर पिढ्यान्‌पिढ्या उभे राहते. गुंठ्याला सुमारे पाचशे रुपये, म्हणजे दहा गुंठ्यांना पाच हजार. पडलेले माड तोडून वाडीबाहेर काढण्याची मजुरीही त्यातून भागली नाही. लोकांनी गाऱ्हाणे मांडल्यावर शासनाने पुढे झाडावार दर मान्य केला, माडास 250 रुपये आणि सुपारीस 50. माप बरोबर झाले, मोल मात्र झाले नाही. आज लावलेली सुपारी हाती यावयास सहा ते आठ वर्षे लागतात, माडासही जवळजवळ तितकीच; शिवाय सुपारीचे रोप सावलीवाचून जगत नाही, म्हणून आधी केळी लावावी, मग तिच्या आडोशाने सुपारी, असा क्रम आहे. बाहत्तर वर्षांचे ते गृहस्थ रोपांच्या पिशव्यांकडे बोट दाखवून म्हणाले, “ही नातवासाठी.” नातू मुंबईस नोकरीला आहे. टाळेबंदीत घरी आला होता, तो गणपतीनंतर परत गेला.

दुसरी अडचण सातबाऱ्याची. वाडीवर नावे अकरा, राबणारा एक, बाकीचे मुंबई-ठाण्यास. त्या सर्वांची संमतिपत्रे टाळेबंदीच्या दिवसांत गोळा करणे म्हणजे काय, हे तलाठी कचेरीत खेपा घातलेल्यालाच ठाऊक. कायद्याने संमती मागणे गैर नाही. परंतु जो शिंपणे करतो त्याच्या हाती निदान साफसफाईपुरती रक्कम आधी पडावी आणि वाटणीचा वाद मागाहून निकालात निघावा, अशी तजवीज करण्यास कोणत्या शास्त्राची आडकाठी आहे?

संध्याकाळी जीवना बंदरावर गेलो. होड्या पावसाळ्यासाठी शाकारून वर ओढलेल्या होत्या म्हणून पुष्कळशा वाचल्या, असे एका कोळी दादांनी सांगितले. जाळी ठेवण्याच्या झोपड्या मात्र गेल्या. हवामान खात्याने अगोदर इशारा दिल्यामुळे माणसे वेळेवर पक्क्या घरांत हलविली गेली, आणि 1999 सालच्या चक्रीवादळात ओडिशात जे झाले, जेथे सुमारे दहा हजार माणसे दगावली, त्याची छायाही येथे पडली नाही. हे यश सामान्य नव्हे. माणसे वाचविण्याची विद्या आपण हस्तगत केली आहे. वाचलेल्या माणसांचा चरितार्थ वाचविण्याची अजून केलेली नाही.

दिवेआगर, मंगळवार, 24 नोव्हेंबर

येथील किनाऱ्यावरचे सुरूचे बन विरळ झाले आहे. आडव्या खोडांचे ढीग अजून वाळूवर आहेत. ज्यांनी वाडीच्या जोडीला घरगुती निवासाचा व्यवसाय धरला होता त्यांचे टाळेबंदीमुळे मार्चपासून उत्पन्न थांबले आणि जूनमध्ये छप्पर गेले. दिवाळीत काही पाहुणे येऊन गेले, एवढाच दिलासा.

दुपारी एकांतात बसून मी आमच्या जिल्ह्याचा विचार करीत होतो. दुष्काळाने आम्हांस पुष्कळ छळले, पण त्याच्याभोवती शासनाचे एक सबंध शास्त्र उभे राहिले: आणेवारी, तगाई, सारातहकुबी, आणि 1972च्या दुष्काळातून आलेली रोजगार हमी योजना, जिला 1977 साली कायद्याचे रूप आले व 1990च्या सुमारास फळबाग लागवडीची जोड मिळाली. त्या जोडीमुळेच आमच्या माळांवर डाळिंब आणि बोर उभी राहिली. किनाऱ्याच्या वाट्याला मात्र वादळ आले की त्या वेळेपुरता आदेश येतो, आणि तोही देशावरच्या मापांनी. 2009च्या नोव्हेंबरात ‘फयान’ आले तेव्हा ते अपवाद म्हणून सोडून देता आले. 2019 या एकाच वर्षात अरबी समुद्रात पाच चक्रीवादळे उठली, त्यानंतर अपवाद हा शब्द वापरणे धाडसाचे आहे.

म्हणून ज्यांच्या हाती महसुलाचे दप्तर आहे त्यांना या दैनंदिनीच्या द्वारे माझी विनंती आहे. किनाऱ्यावरच्या पंचनाम्यात झाडाचे वय लिहिले जावे, एक वर्षाने वाडीची दुसरी पाहणी व्हावी, आणि मदत एकरकमी न देता रोप फळास येईपर्यंत दरसाल, रोजगार हमीच्या मजुरीच्या रूपाने का होईना, वाडी राखणाऱ्याच्या हाती पडावी. नगरच्या वाचकांकडेही एक मागणे आहे. येत्या वर्षी मुलाबाळांना समुद्र दाखवावयाचा झाला तर श्रीवर्धन-दिवेआगरासच या, हॉटेलाऐवजी वाडीतल्या घरी उतरा, आणि परतताना सुपारी व नारळ तेथूनच, घासाघीस न करता, विकत घ्या.