हातचा एक

बी.कॉम. होईपर्यंत विजेशी माझा संबंध बिल भरण्यापुरताच होता. त्यामुळे चाळिशी उलटल्यावर मी घरात साडेचारशे व्होल्टचं यंत्र मांडलं, तेव्हा सौभाग्यवतीनं पहिली चौकशी माझ्या विम्याच्या हप्त्याची केली, यात मला काही वावगं वाटलं नाही. हप्ता भरलेला होता.

त्याचं असं झालं. अंबाजोगाईतल्या भंगारवाल्याकडे मी जुना कुकर द्यायला गेलो आणि एक लोखंडी पेटी घेऊन परतलो. (कुकरचे पैसे कुठे गेले, हे आमच्या घरातलं अद्याप न मिटलेलं ऑडिट ऑब्जेक्शन आहे.) पेटी कुठल्याशा प्रयोगशाळेतली, किरणोत्सर्गाचे कण मोजणारी. तिच्या दर्शनी भागात काचेच्या तीन नळ्या. आमच्या रेडिओ दुरुस्तीवाल्या चाचांनी त्या पाहिल्या, चष्मा पुसला, पुन्हा पाहिल्या आणि म्हणाले, "साहेब, हे डेकाट्रॉन. मोजणारी नळी!"

डेकाट्रॉन म्हणजे बाटलीत बसवलेला कॅशियर. आत निऑन वायू. मधे एक चकती आणि तिच्याभोवती गोलाकार उभ्या तीस बारीक तारा. त्यातल्या दहा आकड्यांच्या, बाकीच्या वीस फक्त पुढची वाट दाखवणाऱ्या. (आमच्या शाखेतही साधारण हेच प्रमाण आहे.) विजेचा एक ठोका दिला की नारिंगी ठिपका एक घर पुढे सरकतो. दहा घरं झाली की शून्यावर येतो आणि शेजारच्या नळीला एक ठोका देतो. शाळेत गुरुजींनी छडी मारून शिकवलेला 'हातचा एक' तो हाच!

१९५१ साली इंग्लंडात हारवेलच्या अणुसंशोधन केंद्रात अशा आठशेच्या वर नळ्यांचा एक संगणक केला होता. एका गुणाकाराला पाच-दहा सेकंद घ्यायचा. एक गणिती हातानं चालवायचं गणनयंत्र घेऊन त्याच्याशी शर्यतीला बसला. अर्धा तास बरोबरीनं टिकला आणि मग दमून उठला. यंत्र आपलं चालूच! १९७३ साली निवृत्त झालेला तो संगणक २०१२ साली डागडुजी करून पुन्हा सुरू केला. तीन तासांत नोटांना रबर लावून थकणारा मी, मला त्या गणितीबद्दल आपुलकी वाटली.

आमच्या तीन नळ्यांतल्या दोन मोजू लागल्या. तिसरी मात्र चारवर ठाण मांडून. चाचा म्हणाले, नळी फार दिवस एकाच आकड्यावर राहिली की तिथल्या धातूचे कण उडून शेजारच्या तारांवर बसतात, मग ठिपका हलायला तयार होत नाही. औषध एकच. तिला रात्रंदिवस गरगर फिरवत ठेवायचं.

फिरवत ठेवली. तिसऱ्या दिवशी ओट्यावरून अण्णा आत आले. हे सांगण्यासारखं अशासाठी की, आई गेल्यापासून अण्णा जेवण आणि झोप सोडली तर ओट्यावरून उठत नसत. तीस वर्षं कॅशियर होते; एक दिवस कॅश कमी आली नाही. आता घड्याळाला किल्लीसुद्धा देत नव्हते.

"काय करायलंय हे?"

"मोजायला शिकायलंय, अण्णा."

"विसरलं होतं?"

"एका जागी बसून बसून विसरलं," मी बोलून गेलो आणि जीभ चावली.

अण्णा काही बोलले नाहीत. खुर्ची ओढून बसले.

पाचव्या दिवशी नळी सुटली आणि आम्ही घड्याळ केलं. घरातली वीज सेकंदाला पन्नास हेलकावे खाते. चाचांनी दोन्ही बाजू पकडून त्याचे शंभर ठोके केले. पहिली नळी शंभराचे दहा करते, दुसरी दहाचा एक, तिसरी दर सेकंदाला एक घर पुढे. चौथी नळी नव्हती. असती तरी सहावर थांबणारी हवी, आणि या जातीत फक्त शून्याची तार वेगळी बाहेर काढलेली असते.

"अहो, किती वाजले?"

"सात."

"सकाळचे सात?"

"सात सेकंद."

"पण कितीवरचे?"

ते त्या घड्याळाला माहीत नव्हतं. तिसऱ्या नळीचा हातचा घ्यायला पुढे कोणी नव्हतं. तो अण्णांनी घेतला. बोटाच्या पेरावर एकेक फेरी, सहा फेऱ्यांचं एक मिनिट. मग कपाटातून एचएमटी काढून किल्ली दिली आणि दोन्ही शेजारी ठेवून तासभर ताळा पाहिला.

"सात सेकंद शॉर्ट येतायत."

मी समजावलं, ग्रिडवर भार आला की पन्नासचे ४९.९ होतात, तासाला सात सेकंद गळणारच.

"परळीवर ढकलू नको. पुन्हा मोजू."

परळीचं वीजकेंद्र आमच्याच जिल्ह्यात, तरी रात्री साडेनऊला लाइट गेली ती गेलीच. तिन्ही नळ्या विझल्या. मेणबत्ती शोधत मी चाचपडत होतो, तर अंधारातून आवाज, "सहा... सात... आठ..."

"अण्णा, बंद पडलंय ते. लाइट आल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरू होईल."

"होऊ दे. हातचा माझ्याकडं आहे," अण्णा म्हणाले, "तू बोलू नको, चुकेल. नऊ..."